रणगाड्याच्या पोटाखाली

स्टुअर्ट रणगाड्याचं पोट जमिनीपासून जेमतेम दीड फूट उंच असतं. मी लष्करी वाहनांची मॉडेल्स १/३५ या मापात, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्यात करतो; त्यात ते बारा-तेरा मिलिमीटर होतं. याच मापात पालथा पडलेला माणूस कपड्यांसकट सात-आठ मिलिमीटर जाड भरतो. पाठीवर उरते चार-पाच मिलिमीटरची जागा, म्हणजे खऱ्या मापात वीतभरसुद्धा नाही.

हा हिशोब मांडायची वेळ आली कारण माझ्या टेबलावर सध्या नौशेरा-राजौरी रस्त्याचा देखावा आहे. एप्रिल १९४८, काश्मीरचं युद्ध. राजौरीकडे निघालेल्या आपल्या रणगाड्यांची वाट सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या पाइनच्या झाडांनी अडवलेली होती. ती मोकळी करायची जबाबदारी बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्याकडे होती. कारवारजवळच्या चेंडिया गावचे हे राणे. पहिल्याच दिवशी, ८ एप्रिलला, तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले दोघे गेले, पाच जखमी झाले आणि त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ११ तारखेपर्यंत ते रस्ता साफ करत राहिले. समोरून मशिनगनचा मारा चालू असताना ते पुढच्या स्टुअर्टच्या पोटाखाली शिरले, सुरुंगांवरून रणगाड्याबरोबर सरपटत गेले आणि आतल्या ड्रायव्हरला दोरी ओढून थांब, चल असे इशारे देत राहिले. त्यांना परमवीरचक्र मिळालं, आणि ते घ्यायला ते हयात होते.

ही हकीकत मी लहानपणापासून वाचत आलोय. साताऱ्यातल्या कुठल्याही घरात परमवीरांच्या गोष्टी मुलांना माहीत असतात. पण ‘रणगाड्याखाली सरपटत गेले’ हे तीन शब्द वाचून डोळ्यांसमोर जे येत होतं त्यात भरपूर मोकळी जागा होती. ती जागा नव्हती, हे मला कानशीनं सांगितलं. राण्यांच्या फिगरच्या, म्हणजे छोट्या पुतळीच्या, पाठीवर हॅवरसॅक लावून पाहिली, बसेना. दोन्ही ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरून फिरणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या, मधे आडवी जागा जवळजवळ पाच फूट आहे, तिथं अडचण नाही. अडचण उंचीची. कोपर टेकून मान वर करायची म्हटली तर डोकं वरच्या पत्र्याला लागतं. म्हणजे मान एका बाजूला वळवून, गाल मातीला लावूनच पुढं सरकायचं, आणि डोक्यावरून पंधरा टनांचं धूड त्याच वेगानं पुढं सरकतंय. फिगरची मान मी तीन वेगवेगळ्या कोनांत कापून पाहिली आणि शेवटी जो कोन बसला तो पाहून हातातलं काम थोडा वेळ बाजूला ठेवलं. लष्करी वाहनांची मॉडेल्स करण्याचा छंद मला का लागला आणि सुटत का नाही, याचं माझ्यापाशी हेच खरं उत्तर आहे. मापात केलं की घडलेली गोष्ट अंगाला भिडते.

आता हे १/३५ माप आलं कुठून? जपानमधल्या शिझुओकाची तामिया कंपनी मुळात लाकडाच्या धंद्यातली. आधी लाकडी मॉडेल्स केली, मग प्लास्टिककडे वळली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं. ते चालतं असावं म्हणून आत मोटर आणि बॅटऱ्या बसतील एवढा आकार ठेवला. नंतर गणित केलं तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याचा भरला. पुढं सगळ्या जगानं तेच माप उचललं. बॅटरीच्या आकारावरून ठरलेलं हे माप माणसासाठी फार सोयीचं निघालं. उभा सैनिक पाच सेंटिमीटरच्या आसपास येतो. चेहऱ्यावर थकवा दाखवता येतो, शर्टाची दुमडलेली बाही दाखवता येते. १/७२ मध्ये वाहन देखणं दिसतं, पण माणूस हरवतो. मला माणूस हवा असतो, म्हणून मी १/३५ सोडत नाही.

साताऱ्यात हा छंद करायचा म्हणजे दुकानात जाऊन किट उचललं असं होत नाही. किट, रंग, डीकल्स (वाहनावर चिकटवायची चिन्हं आणि आकडे), सगळं कुरिअरनं येतं. पण हत्यारं इथलीच. उत्तम चिमटे, बारीक कानशी, डोळ्याला लावायचं भिंग, केसाएवढ्या पात्याची करवत हे सगळं सराफांना हत्यारं पुरवणाऱ्या दुकानात मिळतं, आणि हॉबीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या महागड्या संचापेक्षा ते जास्त टिकतं. चारशे ते दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानातला. टो-केबलसाठी वायरमनकडून मागून आणलेली तांब्याची तार, तिचे पदर पिळून. वळकट्या आणि ताडपत्र्या एम-सीलच्या, किंवा टिश्यू पेपर पातळ केलेल्या फेविकॉलात भिजवून.

एअरब्रश मी शिकलो गणपतीच्या कारखान्यात. दोन पावसाळे संध्याकाळी जाऊन नुसतं बघत बसायचो. तिथले कारागीर सोंडेच्या वळणाला, पोटाच्या गोलाईला ज्या हातानं शेड देतात तो हात सरावानंच येतो. रंग पातळ किती, हवा किती, अंतर किती, हे त्यांना विचारलं तर सांगता येत नाही, पण अंगठा बरोबर जागी दाबला जातो. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारे एक काका होते. मी त्यांना माझी पाच सेंटिमीटरची फिगर दाखवली आणि विचारलं, डोळे कसे काढू? त्यांनी ती उजेडात धरली आणि म्हणाले, “उन्हात उभा आहे ना हा? मग डोळे उघडे कशाला ठेवतोस त्याचे?” त्या दिवसापासून मी फिगरच्या डोळ्यांत पांढरा ठिपका भरत नाही. भुवईखाली गडद तपकिरी रेघ, तिच्याखाली हलकी सावली, बस्स. उन्हात डोळे बारीक केलेला माणूस लगेच उभा राहतो.

त्वचेच्या रंगाचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. बाजारात ‘फ्लेश’ नावानं मिळणारी बाटली गुलाबी असते. किटमधल्या सूचनापत्रात चेहऱ्यासाठी तीच सांगितलेली असते. माण-खटावच्या उन्हात वाढलेल्या, पुढं कुठल्या कुठल्या सीमेवर रापलेल्या माणसाला ती बाटली लावायची? मी बर्न्ट सिएना, यलो ऑकर आणि चिमूटभर पांढरा असं मिश्रण करतो. गालाच्या हाडावर किंचित तांबूस. मनगटाच्या वर, बाही असते तिथं, एक छटा उजळ. शेतात किंवा फौजेत काम केलेल्या कुठल्याही माणसाचा दंड बघा, ही सीमारेषा दिसेल.

या छंदात माझे खरे गुरू म्हणजे आमच्या गल्लीतले नाना. ईएमईत, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्तीच्या विभागात होते, रणगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी झाली. आता ऐंशी ओलांडलेत. सुरुवातीला त्यांना मी काय करतो ते कळत नव्हतं, मला वाटायचं ते नाराज आहेत. एके दिवशी मी टी-५५ रणगाड्याचं मॉडेल घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसला, बाजूनं पाहिलं आणि पहिल्या आणि दुसऱ्या चाकाच्या मधल्या फटीवर बोट ठेवलं. “हां, ही फट आहे. बरोबर आहे. टी-५५च आहे.” टी-६२ ला मोठ्या फटी मागच्या चाकांमध्ये असतात. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्याशी बोलायला दुसरी ओळख लागत नाही.

मी त्यांना विचारलं होतं, रंग सगळ्यात आधी कुठून उडतो?

नाना खुर्चीतून उठले. दिवाणाची कड धरली, तीच गाडीची पुढची बाजू. फौजी माणसं रणगाड्याला गाडी म्हणतात. “ही गाडी. विजयंत. ड्रायव्हर उजवीकडं. टी-५५ ला डावीकडं, विसरू नको.” मग त्यांनी खरोखर एक पाय दिवाणावर टाकला. गुडघा थरथरत होता, तरी हात धरू दिला नाही. “पाय इथं पडतो. रोज इथंच. हात जातो हॅचच्या कडेला, इथं. मग वळायचं, बसायचं. उतरताना टाच इथं घासते.” ते परत खुर्चीत बसले आणि दम खाऊन म्हणाले, “रंग गोळीनं उडत नाही रे. बुटानं उडतो.”

आमच्या छंदात उडालेला रंग दाखवण्याचा ‘चिपिंग’ नावाचा एक भाग आहे. स्पंजचा तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, बराचसा कागदावर टिपून, मग कडांवर हलके ठिपके द्यायचे. किंवा गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारायचा, त्यावर हिरवा रंग, आणि तो ओल्या ब्रशनं घासून उडवायचा. पद्धती दोन्ही चांगल्या आहेत. पण बरेच जण सगळ्या कडांवर सारखेच ठिपके देतात, कारण ते छान दिसतं. मला ते पटत नाही. जिथं कुणाचा पाय पडत नाही, हात लागत नाही, झाडाची फांदी घासत नाही, तिथला रंग का जाईल? नानांनी दिवाणावर पाय टाकून दाखवल्यापासून मी ब्रश उचलण्याआधी गाडीत चार जणांना मनातल्या मनात चढवतो आणि उतरवतो. कमांडर कुठून चढला, गनरनं कुठला दांडा धरला, डिझेल भरताना कॅन कुठं टेकवला आणि किती सांडलं. मग तपकिरी ऑइल कलर एमटीओमध्ये (मिनरल टर्पेंटाइनमध्ये) पाण्यासारखा पातळ करून, टाकीच्या झाकणाखाली एकच ओघळ सोडतो. ओघळ खाली जाताना फिकट होत गेला पाहिजे. कोरड्या सपाट ब्रशनं वरून खाली, एकाच दिशेनं ओढायचा.

नानांनी आणखी एक गोष्ट दिली ती छागल. कॅनव्हासची पाण्याची पिशवी, वाहनाच्या बाजूला टांगलेली, झिरपून पाणी गार ठेवणारी. परदेशी किटमध्ये जेरीकॅन असतात, दारूगोळ्याच्या पेट्या असतात, हेल्मेटं असतात. छागल नसते. ती मी एम-सीलची करतो, तळाशी थोडी फुगीर, आणि खालच्या अर्ध्या भागाला गडद रंग देतो, भिजलेली दिसावी म्हणून. ती टांगली की बाकी काही न बदलता गाडी आपल्या फौजेची होते.

धूळ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. खरी माती वस्त्रगाळ करून वापरता येते आणि आपल्याकडे मातीला तोटा नाही. यवतेश्वरच्या चढावरची तांबडी, कोरेगावकडची काळी. पण १९७१च्या युद्धातल्या शकरगडच्या आघाडीवरच्या सेंच्युरियन रणगाड्याला कासची तांबडी माती लावणं मला मान्य नाही, कितीही खुलून दिसली तरी. तिथली बसंतरची लढाई नदीकाठच्या सपाट, शेतीच्या मुलुखात झाली, डिसेंबरात. तिथली धूळ फिकट, करडी, आणि नदीपार झालेल्या गाडीच्या चाकांना ओला चिखल. १६ डिसेंबर १९७१ ला सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा ‘फामागुस्ता’ याच मातीत लढला. पूना हॉर्स या रिसाल्याचा रणगाडा, आणि खेत्रपालांचा जन्मही पुण्याचा. रणगाडा पेटला तेव्हा बाहेर पडायचा हुकूम आला होता, पण तोफ चालू आहे म्हणून त्यांनी तो सोडला नाही. वय एकवीस. त्या गाडीवर कुठली माती होती ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

सेंच्युरियन करण्याआधी अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या नगरला, रणगाडा संग्रहालय पाहून यावं. १९९४ पासून ते तिथं आहे. सेंच्युरियन, विजयंत, पकडलेले पॅटन, महायुद्धातल्या मॅटिल्डा आणि चर्चिल, सगळे उघड्यावर उभे. फोटोत न कळणाऱ्या गोष्टी तिथं तळहाताला कळतात. ओतीव टरेट, म्हणजे तोफेचा वरचा फिरता भाग, गुळगुळीत नसतो, खरबरीत असतो. मॉडेलवर तो खरबरीतपणा आणायला पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव) फासून प्लास्टिक मऊ करायचं आणि जुन्या ताठ ब्रशनं टोचत जायचं. किती टोचायचं हे हात लावून आलेल्यालाच समजतं.

पावसाळ्यात मी रंगकाम करत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे हवेत इतकं पाणी असतं की लॅकर रंगावर दुधाळ साय धरते. तो काळ जोडकामाचा. फ्रेममधून भाग कापायचे, कापल्याची खूण घासायची, सांधे भरायचे, आणि ट्रॅकची एकेक कडी जोडत बसायचं. ट्रॅकचं काम बहुतेकांना कंटाळवाणं वाटतं. मला त्यात शांतता मिळते. टी-५५ चा ट्रॅक वरच्या बाजूला चाकांवर सैल पडलेला असतो, आणि तो झोल बरोबर आला तरच गाडीचं वजन दिसतं. पत्रा कितीही हुबेहूब असू दे, ट्रॅक ताठ असला की ते खेळणं वाटतं. दसरा झाला, आभाळ मोकळं झालं, की मग कॉम्प्रेसर बाहेर काढायचा.

त्याच सुमारास गल्लीत किल्ले बांधायला सुरुवात होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला वाढलेलं पोर दिवाळीत किल्ला बांधणारच. गोणपाट, चिखल, अळिवाची हिरवळ, पायऱ्यांवर मावळे. मीही माप, उंची, खोली यांचा पहिला विचार तिथंच केला. पण त्या किल्ल्यावर महाराज बुरुजाएवढे उंच असतात आणि मावळे दरवाजापेक्षा मोठे. तिथं मान मोठा म्हणून आकार मोठा, आणि ते तसंच असावं. १/३५ मध्ये नेमकं उलटं होतं. कर्नल आणि ड्रायव्हर एकाच मापाचे. रिसाल्याचा अधिकारी टरेटमध्ये छातीपर्यंत दिसतो, ड्रायव्हरचं फक्त डोकं, आणि तोफेत गोळे भरणारा लोडर तर आत कुठं दिसतही नाही. तरी मी लोडर करतो. झाकण उघडं ठेवलं तर त्याचा खांदा दिसतो एवढंच. राण्यांच्या देखाव्यात आतला ड्रायव्हर दिसणार नाही हे माहीत असून त्याच्या हातात दोरीचं टोक दिलंय. कुणीतरी ती दोरी ओढल्याचं समजून घेत होतं, आणि त्यानं एक झटका चुकीचा समजला असता तर खालचा माणूस गेला असता. त्या ड्रायव्हरला वगळायचं माझ्या हातून होणार नाही.

‘युद्धाची खेळणी’ असं कुणी म्हटलं तर मी रागावत नाही, पण मान्यही करत नाही. या जिल्ह्यात युद्ध ही लांबची बातमी कधीच नव्हती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, गावात त्यांचं स्मारक आहे आणि गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी झालं. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यात निघाली. कराडला दर डिसेंबरात विजय दिवसाचा सोहळा होतो. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पूर्व आफ्रिकेत केरेनच्या डोंगरांत लढल्या, नंतर इटलीत लढल्या. इतकं सगळं असून दुकानांच्या यादीत जर्मन टायगर रणगाडे ढिगानं आणि आपल्या गाड्या शोधाव्या लागतात. टायगर करायला माझी हरकत नाही, यंत्र म्हणून तो अभ्यासण्यासारखाच आहे. पण आपल्याकडच्या मॉडेलरनं आयुष्यभर फक्त तेच करत राहावं याचं मला दुःख होतं. १ नोव्हेंबर १९४८ ला साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट पोचले. टरेट उतरवून, झाकून, गुपचूप श्रीनगरपर्यंत आणलेले. मद्रास सॅपर्सनी त्यांच्यासाठी वाट रुंद केली. रणगाडा इथं येऊच शकत नाही अशा खात्रीत शत्रू बसला होता. असा देखावा जगातल्या कुठल्याही मॉडेलरनं हेवा करावा असा आहे, आणि तो आपल्याशिवाय कोण करणार?

अडचण असते ती फोटोंची. स्टुअर्टचाच प्रश्न घ्या. मागचा भाग पायरीसारखा उंचावलेला असला तर तो एम५, आत जुळी कॅडिलॅक इंजिनं. नसला तर एम३. हे ओळखायला गाडी मागून किंवा बाजूनं दिसायला हवी, आणि छापील फोटोंत ती बहुधा समोरून असते, पुढं अधिकारी उभे. बाजूच्या, मागच्या, साध्या दिवसांच्या तसबिरी कुठं असतील? माझी खात्री आहे की त्यातल्या पुष्कळ या दोन-चार तालुक्यांतच आहेत. पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत, डिस्चार्ज बुक आणि पदकांच्या डबीशेजारी, कोपरे चिकटवलेल्या अल्बममध्ये. घरच्यांच्या दृष्टीनं तो आजोबांचा फोटो असतो. मला त्यांच्या मागं जीप दिसते, तिच्या बंपरवरचे आकडे दिसतात, वळकटी कुठं बांधलीय ते दिसतं, छागल कुठल्या बाजूला टांगलीय ते दिसतं.

तेव्हा हे वाचणाऱ्यांना विनंती आहे. घरात असे फोटो असतील तर ते अल्बममधून उचकटून काढू नका, जुना कागद फाटतो. पानासकट, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता मोबाइलवर फोटो घ्या. एखादा आपोआप सुटा झालेला असेल तर मागची बाजूही घ्या, तिथं बहुतेक वेळा ठिकाण आणि साल लिहिलेलं असतं. माणसामागं उभ्या असलेल्या गाडीचा भाग जवळून वेगळा घ्या. आणि फोटोतलं माणूस अजून आपल्यात असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारा की गाडीवर चढताना ते आधी कुठला पाय टाकायचे, आणि हात कशाला धरायचे.